मधलं नाव

"बघ, परत तुझं नाव घ्यायला लागल्या," शेगडीत शेणीचा तुकडा सरकवत सासूबाई म्हणाल्या. "एवढं देवाचं घेतलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं."

खिडकीला आतून गोधडी लावलेली होती. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून. पण गोधडीनं आवाज थोडाच अडतो. ग्रामपंचायतीच्या पटांगणातून माइकची खरखर आत यायची आणि तिच्यामागून पन्नास-साठ बायकांचा एक सूर.

"फेरनिवडणूक..."

"झालीच पाहिजे!"

"उज्ज्वलाची सही..."

"खोटी हाय, खोटी हाय!"

उज्ज्वला म्हणजे मी. मांडीवर बारा दिवसांची लेक. घोषणा झाली की ती प्यायची थांबायची, डोळे न उघडताच. बाहेर शांत झालं की पुन्हा ओढायला लागायची. त्या दिवशी तिचं बारसं व्हायचं होतं. पाळणा माळ्यावरून काढून, पुसून ठेवलेला होता. पण पाळण्याला बायका लागतात, आणि गावातल्या सगळ्या बायका पटांगणात ताडपत्रीवर बसलेल्या होत्या. माझ्यासाठी.

आमच्या निंबेवाडीत तीस वर्षं ग्रामपंचायतीची निवडणूक झालेली नव्हती. बिरोबाच्या देवळात पाच-सात माणसं बसायची आणि सरपंच ठरायचा. बाकीच्यांनी अर्ज भरायचे नाहीत, भरला तर मागं घ्यायचा. गावात भांडणं नकोत म्हणून. त्या वर्षी पद बाईला राखीव निघालं, तेव्हा देवळात ठरलं की आप्पा बंडगरांची थोरली सून सरपंच होणार आणि आप्पा देवळाला सभामंडप बांधून देणार. झालं. नारळ फुटला.

आणि आमच्या बचत गटातल्या बायकांनी माझा अर्ज भरला.

मी बारावी झालेली, गटाचं रजिस्टर लिहायचे, एवढीच माझी लायकी. नववा महिना होता मला. पण सुभद्राक्का पिठाच्या गिरणीत, तोंडावर पीठ तसंच, मला म्हणाली होती, "पोरी, उपकेंद्राला दोन वर्सं कुलूप हाय. माझी सून घाटात टेम्पोत बाळंत झाली, नातू हाताला लागला न्हाय. आप्पाची सून ते कुलूप काढणार हाय व्हय? तिचं बाळंतपण सांगलीला हुतंय." सूचक म्हणून तिनंच सही केली. सही म्हणजे अंगठा. अंगठ्याच्या शाईत पीठ मिसळून कागदावर भलताच ठसा उठला होता.

मग माघारीचा शेवटचा दिवस आला, माझा माघारीचा अर्ज तालुक्याला पोचला आणि आप्पांची सून बिनविरोध झाली. दोन दिवसांनी मी बाळंत झाले. इकडे सुभद्राक्कानं तालुक्याला खेटे घालून त्या अर्जाची नक्कल मिळवली. खाली सही होती: उज्ज्वला विठोबा ढेंबरे. माझं माहेरचं नाव.

"चार वर्सं ही पोर दर महिन्याला रजिस्टरात गलांडे म्हणून सही करतीया," सुभद्राक्कानं भर चावडीवर कागद फडकवला म्हणतात. "निवडणुकीच्या अर्जावर गलांडे, आन् माघारीलाच बरी ढेंबरे आठवली? कुणीतरी घाईत उरकलीया. चोराला नाव पण धड ठावं न्हाय!"

त्याच दिवशी बायकांनी फाट्यावर रस्त्यात घागरी मांडल्या. दुसऱ्या दिवशी पाटे-वरवंटे. एसटी तीन तास उभी राहिली. पाचव्या दिवशी कुणीतरी दगड मारला, बसची काच फुटली, अकरा बायकांना काठ्या मारत गाडीत घालून ठाण्यावर नेलं आणि संध्याकाळी सोडलं. त्या तिथून ज्या आल्या त्या थेट पटांगणातच बसल्या. दुकानं बंद, शाळा बंद, डेअरी बंद. आणि मी बाजेवर. शेकशेगडीच्या धुरात, कानाला फडकं बांधून, हळीवाची खीर खात.

माझ्यासाठी भांडणाऱ्या एकीलाही मी नऊ दिवसांत पाहिलेलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला दारात आवाज झाला.

"बाळंतिणीला सव्वा म्हैना कोण भेटत नसतंय," सासूबाई.

"मी भेटायला न्हाय आले, डिंकाचं लाडू द्यायला आले. लाडवाला इटाळ असतोय व्हय? सर बाजूला, रखमे. तुझ्या बाळंतपणात हळद मी दळलीया."

सुभद्राक्का आत आली. उन्हानं काळवंडली होती, ओरडून आवाज बसला होता. तिनं आधी बाळाकडं पाहिलं. बोट पुढं केलं आणि पोरीनं ते धरलं.

"गरम हाय गं हात," ती म्हणाली. मग सासूबाई पाणी आणायला वळल्या तशी माझ्या कानाशी वाकली. "तासाभरात तहसीलदार बाई यायच्या हैत, तुझा जबाब घ्यायला. त्यांनी सही दाखवली की तू 'माझी न्हाय' म्हण. एवढं एकच म्हण. बाकीचं आम्ही बघतो."

"अक्का..."

"भिऊ नगंस. तुला कोंडून घातलंय हे आम्हाला कळत न्हाय व्हय? त्या तुझ्या नवऱ्याचं, प्रल्हाद्याचं तोंड बघितलं की कळतंय. चोरावाणी फिरतोय. आप्पाच्या टेम्पोची चावी मिळाली न्हवं परत." तिनं माझ्या गालावर हात ठेवला. तिच्या तळव्याला पिठाचा वास होता, गिरणी नऊ दिवस बंद असूनही. "नऊ दिस बसलो पोरी. म्हातारी चांगू पण बसलीया, गुडघं धरून. का? तर तू तशी न्हाईस, म्हणून."

मी तिला सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. एवढ्यात सासूबाई तांब्या घेऊन आल्या, आणि अक्का "बाळाची दृष्ट काढ गं रखमे" म्हणत निघून गेली.

लाडू सात होते. मी एकही खाल्ला नाही.

कारण ती सही माझीच होती.

आणि कोंडून, मारून, धमकावून घेतलेली नव्हती. तसं असतं तर बरं झालं असतं, असं त्या बारा दिवसांत मला किती वेळा वाटलं असेल. माघारीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, प्रल्हादनं स्वतः चहा केला होता. लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदा. साखर जास्त झाली होती, पत्ती कमी. मग तो बाजेच्या कडेला बसला आणि सुजलेले माझे पाय त्यानं मांडीवर घेतले, तेल लावलं. बराच वेळ नुसते पाय चोळत होता.

"आप्पांनी टेम्पोची चावी काढून घेतली," तो म्हणाला.

आप्पांच्या दुधाच्या टेम्पोवर तो ड्रायव्हर होता, आमचं घर त्यावरच चालायचं.

"मी जबरदस्ती करणार न्हाई. हे बघ, कागद हितं ठेवतो, पेन हितं. नको वाटलं तर फाड आन् चुलीत घाल, मी विचारणार पण न्हाई." त्याचा अंगठा माझ्या टाचेवर फिरत होता. "फक्त बाळ यायचं हाय म्हणून म्हणतो. आपल्याला ह्या गावात ऱ्हायाचंय."

एखाद्यानं हात उगारला तर अंगात कुठून तरी बळ येतं. पाय चोळणाऱ्या माणसापुढं ते कुठून आणायचं?

मी पेन घेतलं आणि सही केली. हात कसा काय ढेंबरेवर गेला, मला खरंच आजही सांगता यायचं नाही. शाळेत दहा वर्षं तीच सही केली होती, कदाचित म्हणून. किंवा कदाचित माझ्यातल्या कुणाला तरी तो कागद तालुक्याला अडावा असं वाटत असेल. अर्जावर एक नाव, माघारीवर दुसरं, कुणीतरी साहेब म्हणेल, "हे चालणार नाही." पण कुणी वाचलंच नाही.

प्रल्हादनं मात्र वाचलं. कागद दिव्याजवळ धरून त्यानं सही पाहिली. मधे त्याचं नाव नव्हतं, माझ्या वडलांचं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग शाईवर हळूच फुंकर घातली, घडी केली आणि खिशात ठेवली.

तहसीलदार मॅडम अकराच्या सुमाराला आल्या. माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. बरोबर एक कारकून आणि एक महिला पोलीस. कारकून दाराबाहेर ओसरीवर थांबला, पुरुषमाणूस म्हणून. मॅडमनी चपला काढल्या, धुरानं खोकल्या आणि बाजेवर माझ्या पायथ्याशी बसल्या. प्रल्हादला त्यांनीच आत बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागं. नऊ दिवसांत तोही माझ्याशी धड बोलला नव्हता. रोज बाळाचे लंगोट मात्र धुवायचा, सासूबाई ओरडल्या तरी.

"मुलगी का? नाव काय ठेवलं?"

"आज बारसं होतं," सासूबाई म्हणाल्या. "ह्या तमाशात कसलं बारसं."

बाहेर मॅडमची गाडी पाहून घोषणा चढल्या होत्या. "उज्ज्वलाला बोलू द्या! उज्ज्वलाला बोलू द्या!"

मॅडमनी फाइल उघडली. "हे बघा ताई, मी सरळ सांगते. हा अर्ज तुमच्या मिस्टरांनी आणून दिला, तसं त्यांनी लिहून दिलंय. आता ही सही तुमची नसेल, तर तसा माझा अहवाल वर जाईल, निवडणूक पुन्हा होईल आणि अर्ज आणून देणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल. सही तुमची असेल तर विषय संपला. मग बाहेर बसल्यात त्यांनी आज उठायचं, आणि रस्ता अडवल्याची, बस फोडल्याची जी केस आहे ती त्या अकरा बायकांवर चालेल." त्यांनी चष्मा वर सरकवला. "घाबरून बोलू नका. खरं काय ते बोला."

कागद माझ्यापुढं धरला. माझं अक्षर. 'ज्व'ची गाठ मी नेहमी मोठी काढते, तशीच.

लेक झोपेत हसली. हे लक्षात राहिलंय माझ्या. एवढ्या सगळ्यात ती हसली.

"ताई?"

"हो" म्हटलं असतं तर अक्का, म्हातारी चांगू, सगळ्या ताडपत्री गुंडाळून, मान खाली घालून कोर्टात गेल्या असत्या, आणि उपकेंद्राचं कुलूप तसंच राहिलं असतं. "नाही" म्हटलं असतं तर माझे पाय चोळणारा माणूस तुरुंगात. मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मॅडम वाट बघत होत्या. महिला पोलीस बाळाकडं बघत होती. बाहेर माझंच नाव, पुन्हा पुन्हा, माइकमधून, फाटक्या आवाजात.

"तिची न्हाय ती सही," प्रल्हाद म्हणाला.

सासूबाईंच्या हातातला चिमटा पडला.

"काय म्हणालात?"

"मी केलीया. तिला ठावंच न्हाई. ती झोपली हुती." तो भिंतीपासून हललाही नाही. "घाईत तिचं माहेरचं नाव पडलं."

"प्रल्हाद, अरं काय बोलतोस!" सासूबाई किंचाळल्या. "आप्पा काय म्हणतील..."

"आई, गप बस."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "ताई, हे खरं आहे?"

आता फक्त बोलायचं होतं. दोन शब्द. 'खोटं बोलतायत.' प्रल्हाद माझ्याकडं बघत होता आणि त्यानं मान अगदी जराशी हलवली. नको, अशी. की बोल, अशी? सात वर्षं झाली, मी ती मान रोज आठवते.

मी पदर बाळाच्या तोंडावर ओढला आणि मान खाली घातली.

"लिहून घ्या," मॅडम ओसरीवरच्या कारकुनाला म्हणाल्या.

बाहेर बातमी पोचली तेव्हा जो आवाज उठला तो मी परत कधी ऐकलेला नाही. कुणीतरी परातीच बडवायला लागलं. सुभद्राक्का माइकवर रडत होती आणि रडता रडता प्रल्हादच्या सात पिढ्या काढत होती. पोलिसांनी त्याला चप्पल घालायला सांगितलं. तो बाजेजवळ आला, आणि मला वाटलं बाळाला हात लावेल. त्यानं फक्त शेगडी जरा लांब सरकवली.

"धूर लागतोय तिला," म्हणाला.

"का केलंत?" मी पुटपुटले.

त्यानं महिला पोलिसाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घाटात टेम्पो मीच चालवत हुतो," एवढंच बोलला. "अक्काची सून पाठीमागं, कॅनच्या मधे. आरशात दिसत हुती."

मग तो गेला. पटांगणातून त्याला नेताना बायकांनी चपला दाखवल्या, थुंकल्या. मी ऐकत होते. गोधडी बाजूला करून बघायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी सगळ्या घरात घुसल्या. सव्वा महिना, विटाळ, वारं, कुणी काही मानलं नाही. पाळणा टांगला. पाळणा म्हणताना अक्काचा आवाज मधेच बसला तेव्हा सगळ्या हसल्या. पोरीचं नाव जया ठेवलं, त्यांनीच ठरवून, आपण जिंकलो म्हणून. मला कुणी विचारलं नाही आणि मला सुचलंही नव्हतं. एवढ्या बायका घरात, प्रत्येकीनं माझ्या अंगावरून हात फिरवलेला, आणि मला वाटत होतं की ह्या घरात मी एकटीच आहे.

पाच महिन्यांनी निवडणूक झाली, तीस वर्षांनी पहिली. बोटाची शाई बायका एकमेकींना दाखवत फिरत होत्या. मी एकशे चार मतांनी निवडून आले. प्रल्हाद तोवर जामिनावर सुटला होता, पण गावात त्याला उभं कोण करणार? आप्पांना त्यानं दगा दिलेला, बायकांच्या लेखी तो बायकोची सही चोरणारा. चाकणला एका कंपनीत गाडीवर लागला. केस तीन वर्षं चालली. त्यानं कबूलच केल्यावर अक्षर तपासायला पाठवतो कोण. दंड भरला आणि सुटला. दिवाळीला येतो. दोन दिवस राहतो, जयाला खांद्यावर घेऊन ओढ्यापर्यंत जातो. मी चहा करते. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नाही. एकदा मी म्हणाले, "मी सांगते सगळ्यांना. आता काय होणार आहे?" तर तो म्हणाला, "मग त्या अकरा बायकांचं काय? त्यांनी कशासाठी मार खाल्ला म्हणायचं?" आणि चहात अजून साखर घालून घेतली.

त्यामुळं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायका त्याला शिव्या घालतात तेव्हा मी गप्प बसते. त्यांना वाटतं, बिचारी अजून दुखावलेली आहे.

पण सांगायचा होता तो सरपंच झाल्यावरचा पहिला दिवस. ग्रामपंचायतीत गर्दी, बाहेर पेढे. मी बाळाला कडेवर घेऊनच खुर्चीत बसले. पहिला ठराव उपकेंद्राचा: कुलूप काढून नर्सबाईंची नेमणूक व्हावी. ग्रामसेवकानं रजिस्टर पुढं सरकवलं. "मॅडम, इथं."

सुभद्राक्का माझ्या खुर्चीमागं उभी होती, नव्या लुगड्यात. "पूर्ण नाव लिही गं," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "ठळक. परत कोण मेल्यानं खोटी करायला नको."

सगळे हसले.

मी लिहिलं, उज्ज्वला. जयानं पेन धरायला हात घातला, तो बाजूला केला. मग लिहिलं, प्रल्हाद. सावकाश, एकेक अक्षर. मग गलांडे.

अक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मधे किती वेळ लागला ते तिनं पाहिलं.

"त्याचं नाव कशाला घातलंस मधे?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "नुसतं उज्ज्वला गलांडे चाललं असतं की."

"असू दे, अक्का," मी म्हणाले, आणि शाई वाळावी म्हणून त्या मधल्या नावावर हळूच फुंकर घातली.